जैव-डिझेलचा दहावा हिस्सा : ग्लिसरीन व त्याची ऊर्जा

धान्याच्या पेढीवर ज्याचे आयुष्य गेले, त्यास एक गोष्ट फार लवकर कळून चुकते. कोणत्याही मालातून एकटा माल कधीच निघत नाही. भात कांडला की तूस व कोंडा निघतो, तुरीची डाळ केली की चुनी व टरफल पदरात पडते, शेंगदाण्याच्या तेलामागे पेंड उरते. मुख्य मालाचा भाव सर्वांस ठाऊक असतो. परंतु गिरणी चालणार की बसणार, हे पुष्कळदा या दुय्यम मालाची वाट कशी लागते त्यावर ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक दुय्यम माल आहे. तो आपल्या पेठेत नवा आहे व त्याविषयी पुरेशी माहिती नसताना पैसा गुंतविण्याचे बेत मात्र आपल्या काही घरांत चालू आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा दंडक घातला की, तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये. असे जळके तेल गोळा करून त्याचे जैव-डिझेल करावे, अशी योजनाही त्याच वर्षी निघाली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये शेकडा ५ जैव-डिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांतून जळक्या तेलाचे जैव-डिझेल विकत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. फरसाण व मिठाईचा धंदा असलेल्या आपल्या सभासदांकडे हे तेल आहे, भांडवल आहे, तरुण मुले शिकलेली आहेत. तेव्हा कारखाना काढावा असा विचार त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा बेतांचे काही हिशेबाचे कागद आमच्यासमोर आले. डिझेलचा आकडा त्यांत काळजीपूर्वक मांडलेला असतो. परंतु शेवटच्या ओळीत ‘ग्लिसरीनची विक्री’ म्हणून जी रक्कम जमेस धरलेली असते, ती औषधाच्या दुकानातील बाटलीच्या भावाने धरलेली असते. त्या ओळीपाशी आमची लेखणी थांबते.

हे ग्लिसरीन येते कोठून, ते प्रथम पाहू. कोणतेही तेल वा तूप घ्या. त्याचा सूक्ष्म कण म्हणजे तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला बांधलेली असतात. तीन पोत्यांची तोंडे एकाच सुतळीने एकत्र बांधावीत, तसा हा प्रकार. अशा बांधलेल्या स्थितीत तेल दाट असते; ते थेट इंजिनात घातले तर फवारा नीट उडत नाही व कालांतराने काजळी धरते. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर डिझेल इंजिन चालवून दाखविण्यात आले होते खरे, परंतु नित्याच्या वापरास ती वाट सोयीची ठरली नाही. १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान यांनी तेलाचा मद्यार्काशी संयोग घडवून ही गाठ सोडविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आज सर्वत्र चालते ती कृती तत्त्वतः हीच. तेलात मिथेनॉल घालावयाचे, कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश थोड्या प्रमाणात विरजणासारखे लावावयाचे, आणि साठ अंशांच्या आसपास ऊन ठेवून ढवळावयाचे. प्रत्येक मेदाम्ल मिथेनॉलशी जोडले जाऊन मोकळे होते, ते जैव-डिझेल. सुतळी खाली उरते, ते ग्लिसरीन.

वजनाचा हिशेब ध्यानात ठेवण्यास अगदी सोपा आहे. शंभर किलो तेल व सुमारे अकरा किलो मिथेनॉल यांपासून सुमारे शंभर किलो जैव-डिझेल व दहा किलोच्या थोडे वर ग्लिसरीन मिळते. म्हणजे डिझेलच्या दर दहा पिंपांमागे एक पिंप ग्लिसरीन आपल्या अंगणात येऊन उभे राहणार. आपण त्यास बोलाविले असो वा नसो.

बाटलीतले ग्लिसरीन आणि या पिंपातले ग्लिसरीन यांत मात्र गव्हात व उकिरड्यावरच्या झाडणीत असावा इतका फरक असतो. पिंपातला माल तपकिरी, चिकट व उग्र वासाचा असतो. त्यात न वापरले गेलेले मिथेनॉल असते, साबण असतो, क्षार असतात, पाणी असते, आणि कारागीर बेफिकीर असेल तर तेलही असते. मिथेनॉल पोटात गेले तर मनुष्य आंधळा होतो किंवा प्राणास मुकतो, व त्याची वाफ सामान्य उन्हाळी हवेतही ठिणगीने पेट घेते. औषधास चालणारे ग्लिसरीन शेकडा ९९.५ शुद्ध लागते, व ते मिळविण्यास निर्वात भांड्यातून ऊर्ध्वपातन करावे लागते. हे यंत्र मोठ्या कारखान्यासच परवडते. दिवसास एक टन डिझेल करणाऱ्या लहान कारखानदाराने त्याची आशा धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता बाजाराकडे वळू. कारण हा भाग आम्हांस रसायनापेक्षा अधिक समजतो. ग्लिसरीन हे काही नवीन द्रव्य नव्हे. स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑलिव्हच्या तेलापासून ते वेगळे केले व ते गोड लागते हे नोंदविले. त्या गोडीवरूनच फ्रान्सच्या शेव्ह्रल यांनी ग्रीक शब्द घेऊन त्यास आजचे नाव दिले. साबण करणाऱ्यांचा तो जोडमाल. नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतल्यापासून तर त्यास सोन्याचे दिवस आले. औषधे, दंतमंजन, सौंदर्यप्रसाधने, तंबाखू, सर्वत्र त्याचा खप. मागणी एवढी की, पुढे ते खनिज तेलापासून कृत्रिम रीतीने करू लागले.

असे असता अमेरिकेत काय घडले ते पाहावे. २००४ मध्ये तेथे अडीच ते तीन कोटी गॅलन जैव-डिझेल होत असे. ते २००६ मध्ये पंचवीस कोटी गॅलनांच्या घरात गेले. डिझेल वाढले तसे ग्लिसरीनही वाढले. कच्च्या ग्लिसरीनचा भाव २००४ मध्ये पौंडास सुमारे २५ सेंट होता. तो २००६ मध्ये अडीच ते पाच सेंटांवर आला. दोन वर्षांत भाव पाचव्या किंवा दहाव्या हिश्शावर! डाऊ कंपनीने टेक्सासमधील आपला कृत्रिम ग्लिसरीनचा कारखाना २००६ मध्ये बंद केला. बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीने तर उलटी गंगा वाहविली. पूर्वी एपिक्लोरोहायड्रिन नावाच्या रसायनापासून ग्लिसरीन करीत. या कंपनीने २००७ मध्ये फ्रान्समध्ये ग्लिसरीनपासून ते रसायन करण्यास आरंभ केला.

कांद्याचा भाव पडला तर शेतकरी पुढील हंगामात कांदा कमी लावतो व भाव सावरतो. सरकीचे तसे नाही. कापूस कोणी सरकीसाठी पेरीत नाही. ग्लिसरीनचे तर त्याहून अवघड. त्याचा भाव शून्यावर आला तरी डिझेलचे कारखाने चालूच राहणार व पिंपे भरतच राहणार. कारण ते कारखाने ग्लिसरीनसाठी काढलेलेच नाहीत. ज्या मालाची आवक त्याच्या स्वतःच्या भावाचे ऐकत नाही, त्या मालाच्या तेजीवर धंद्याची इमारत उभारणे धोक्याचे असते. मध्ये तेजी येतेही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत हात धुण्याच्या द्रवास जगभर मागणी आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत शेकडा १.४५ ग्लिसरीन असल्यामुळे शुद्ध मालास गिऱ्हाईक धावत आले. परंतु ते शुद्ध मालास. तपकिरी पिंपास कोणी विचारले असेल तर रिफायनरीवाल्याने, आणि त्याच्या दारापर्यंतचे टँकरभाडे विकणाऱ्याच्या डोक्यावर.

मग भाव येत नाही तेव्हा त्या पिंपांचे होते काय? येथे आम्ही सभासदांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण हा प्रश्न केवळ नफ्यातोट्याचा राहत नाही. ग्लिसरीन विषारी नाही, पाण्यात पूर्ण विरघळते, तेव्हा रात्रीच्या वेळी नाल्यात सोडले तर सकाळी मागमूस दिसत नाही. हा मोह मोठा आहे. परंतु पाण्यात त्याचे विघटन होताना एक किलो ग्लिसरीन सुमारे सव्वा किलो प्राणवायू शोषून घेते. आपल्याकडच्या उबदार हवेत एक लिटर पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. गुणाकार करून पाहावा : एक किलो ग्लिसरीन दीड लाख लिटर पाण्यातील सर्व प्राणवायू संपविण्यास पुरे पडते. शंभर किलो सोडले तर दीड कोटी लिटर. त्या पाण्यातील मासे, बेडूक, किडे, नाना प्रकारचे त्रस जीव गुदमरून मरणार, आणि करणाऱ्याच्या हातून एक मुंगीही चिरडली गेलेली दिसणार नाही. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरतीस स्थान दिले आहे. ज्या हिंसेने कोणाचे प्रयोजन साधत नाही, ती टाळावी. नाल्यात सोडलेल्या ग्लिसरीनइतके अनर्थदंडाचे स्वच्छ उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही. कारण जे सोडले ते सरपणाच्या मोलाचे होते.

सरपणाच्या मोलाचे म्हणजे नक्की किती? शुद्ध ग्लिसरीनच्या एका किलोत सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता असते. डिझेलमध्ये दहा हजारांच्या वर असते. भाताच्या तुसात तीन हजारांच्या आसपास. वाळलेले लाकूड साडेतीन ते चार हजार. म्हणजे ग्लिसरीन हे पातळ लाकूडच म्हणावयाचे. आता एक टन तेलाचा घाणा धरा. ते तीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे पंधरा हजार किलोकॅलरी लागतात. कृतीत मिथेनॉल हिशेबाहून दुप्पट घालावे लागते. तेव्हा जादा उरलेले शंभर-सव्वाशे किलो मिथेनॉल उकळून परत मिळविण्यास आणखी पस्तीस हजारांच्या आसपास. एकूण पन्नास हजार. त्याच घाण्यातून निघालेल्या शंभर किलो ग्लिसरीनमध्ये जवळजवळ चार लाख किलोकॅलरी आहेत. निम्मी उष्णता भट्टीत वाया गेली असे मानले तरी गरजेच्या चौपट शिल्लक राहते. दहावा हिस्सा उरलेल्या नऊ हिश्शांची भट्टी पेटवू शकतो, ही या विषयातील मुख्य गोष्ट आहे. आपल्या निपाणी-कोल्हापूरकडील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे त्यास यात नवल वाटणार नाही. काहिलीखाली त्याच उसाची चिपाडे जळतात. गूळ करणारा कोळसा विकत आणीत नाही, आणि चिपाडे विकण्यास बाजारातही जात नाही.

तथापि चिपाड चुलवाणात घालता येते तसे ग्लिसरीन घालता येत नाही. कढईतले तेल फार तापून धूर निघू लागला की नाकाडोळ्यांस जे झोंबते, ते ॲक्रोलिन नावाचे द्रव्य. ते तेलातील ग्लिसरीनपासूनच तयार होते. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी त्याचा विषारी वायू म्हणून वापर केला होता. ग्लिसरीन २८० ते ३०० अंशांच्या सुमारास अर्धवट जळत राहिले की हे ॲक्रोलिन उत्पन्न होते. म्हणून तुसावर किंवा लाकडावर ग्लिसरीन ओतून उघड्या भट्टीत जाळण्याची जी सोपी युक्ती काही जण सांगतात, ती कोणीही करू नये. कामगारांच्या फुप्फुसांशी तो खेळ आहे. शिवाय ग्लिसरीन आपणहून पेट घेते ते ३७० अंशांच्या आसपास, आणि वीस अंशांच्या हवेत ते पाण्याहून सुमारे चौदाशे पट दाट असते. त्यामुळे साध्या बर्नरमधून त्याचा फवारा उडत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी तेथील पर्यावरण संस्थेच्या सहकार्याने या अडचणींवर उपाय काढला व २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ग्लिसरीन आधी तापवून पातळ करावयाचे, उष्णतारोधक विटांनी मढविलेली भट्टी दुसऱ्या इंधनाने प्रथम लाल करून घ्यावयाची, व मग भोवऱ्यासारख्या फिरत्या हवेत फवारा सोडावयाचा. अशा भट्टीत ॲक्रोलिनचे प्रमाण नगण्य आढळले. परंतु कच्च्या ग्लिसरीनमधील क्षार कोठे जाणार? ते बारीक राखेच्या रूपाने धुरातून बाहेर पडतात व बॉयलरच्या नळ्यांवर थर धरतात. त्यामुळे ही रीत मोठ्या, जाणत्या कारखान्याची आहे असे आम्ही समजतो.

इंजिनातही ग्लिसरीन जाळता येते. इंग्लंडच्या ॲक्वाफ्युएल कंपनीने आत येणारी हवा आधी तापवून डिझेल इंजिन ग्लिसरीनवर चालविण्याची रीत बसविली. २०१४ मध्ये बीजिंग येथे विजेवर धावणाऱ्या मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ शर्यत सुरू झाली, तेव्हा त्या मोटारींच्या बॅटऱ्या भरण्यास याच पद्धतीची जनित्रे लावली होती. ती शर्यत फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या हैदराबादेसही झाली, हे तेथील सभासदांस स्मरत असेल. ग्लिसरीनच्या कणात प्राणवायू आधीच असल्यामुळे काजळी जवळजवळ होत नाही. पण तेथे लागते ते शुद्ध केलेले ग्लिसरीन, आणि शर्यतीचा खर्च करणारे धनी निराळे.

प्रयोगशाळांतील वाटा आणखी आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ड्युमेसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ग्लिसरीनसारख्या द्रव्यांच्या पाण्यातील द्रावणापासून धातूच्या साहाय्याने थेट हायड्रोजन काढून दाखविला. सेंट लुईस विद्यापीठातील मिन्टीर यांनी २००७ मध्ये एन्झाइमांच्या योगाने ग्लिसरीनपासून वीज देणारा घट सिद्ध केला. राइस विद्यापीठातील गोन्झालेस यांनी आपल्या आतड्यांत राहणाऱ्या एका सामान्य जंतूकडून ग्लिसरीनचे इथेनॉल करवून घेतले. हे सर्व विद्वत्तेचे काम आहे व त्याचा आदर केला पाहिजे. परंतु त्यातील यंत्र बेळगावच्या पेठेत मागवून पुढील दिवाळीस त्याचा ताळेबंद मांडता येईल, असे आज म्हणता येणार नाही.

राहिली ती वाट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती म्हणजे गोबर वायूची. जशभाई पटेल यांनी बसविलेल्या तरंगत्या टोपाच्या संयंत्राचा प्रसार खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात केला, आणि त्या काळातील कित्येक टोप आपल्या खेड्यांतून अद्याप दिसतात. पंचवीस किलो ताज्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो, हा त्यातील जुना हिशेब. म्हणजे एका किलोस चाळीस लिटर. आता शुद्ध ग्लिसरीनचा कण जंतूंनी पूर्णपणे पचविला, तर रसायनाच्या हिशेबाने एका किलोपासून सुमारे ७३० लिटर वायू मिळावयास हवा, व त्यातील शेकडा ५८ भाग मिथेन असावा. शेणाच्या अठरा पट! व्यवहारात काही तूट येईल. पंधरा पट धरली तरी पुरे. आणि या टाकीची मोठी सोय अशी की, भट्टीस जे नको असते ते तीस चालते. पाणी चालते. साबण थोडा असल्यास पचतो. मिथेनॉलचेसुद्धा जंतू मिथेन करून टाकतात. अर्थात मिथेनॉल महाग आहे, ते कारखान्यातच उकळून परत घेणे शहाणपणाचे, व हाताळणाऱ्यांच्या दृष्टीनेही सुरक्षिततेचे.

मात्र नुसत्या ग्लिसरीनवर टाकी चालत नाही. त्यात कर्ब भरपूर, पण नत्र बिलकूल नाही, आणि जंतूंस वाढण्यास दोन्ही हवेत. नत्र शेणातून येतो. डेन्मार्क व जर्मनी येथील वायुसंयंत्रांत याच कारणाने शेणामुतात ग्लिसरीन मिसळण्याची चाल पडली. प्रमाण मात्र सांभाळावे लागते. पाचक जंतू दोन जातींचे असतात; पहिले ग्लिसरीनचे झपाट्याने आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा सावकाश वायू करतात. ग्लिसरीन एकदम जास्त घातले की पहिल्यांची धांदल उडते, दुसरे मागे पडतात, टाकी आंबते व वायू बंद होतो. श्राद्धाच्या जेवणानंतर व्हावे तसे हे अजीर्ण. म्हणून आरंभी एकूण राड्याच्या शेकडा अर्धा किंवा एक भागच घालावा, तीन-चार आठवडे तेवढ्यावरच ठेवावा, आणि मग हळूहळू वाढवावा. युरोपातील प्रयोगांत शेकडा सहापर्यंत मजल गेली आहे; आम्ही शेकडा दोनवर थांबण्याचा सल्ला देऊ. आम्लता मोजण्याचा कागद रोज बुडवून पाहावा, साडेसहाच्या खाली उतरू लागला की ग्लिसरीन तत्काळ बंद करावे व नुसते शेण चालू ठेवावे. ज्योत फिकी पडून वारंवार विझू लागली, तर तेही अजीर्णाचेच लक्षण.

हा हिशेब मांडताना आमच्या मनात एक स्थान सारखे येत होते, आणि ते कारखान्याच्या आवारातले नव्हते. शंभर किलो ग्लिसरीन शेकडा दोन या प्रमाणात मिसळावयाचे तर रोज पाच टन राडा पाहिजे. म्हणजे अडीच टन शेण व तितकेच पाणी. एका जनावरास दिवसाकाठी दहा किलो शेण धरले, तर अडीचशे जनावरे झाली. इतकी जनावरे एका ठिकाणी कोठे असतात? पांजरपोळीत. आपल्या समाजातील महाजनांनी पिढ्यान्पिढ्या चालविलेल्या या संस्थांत शेण भरपूर व पैसा तोटका, ही स्थिती नित्याचीच. अडीचशे जनावरांच्या शेणापासून रोज शंभर घनमीटर वायू होईल. त्यात ग्लिसरीनचे पन्नास ते साठ घनमीटर वाढतील. एक घनमीटर वायू म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे सुमारे चारशे तीस ग्रॅम. तेव्हा केवळ वाढलेला वायूच घरगुती दीड ते पावणेदोन सिलिंडरांइतका, आणि तो रोज. संस्थेच्या भोजनशाळेस, किंवा जनित्र बसविल्यास चाऱ्याच्या यंत्रास व विहिरीच्या पंपास तो उपयोगी पडेल. कारखानदाराचे पिंप गेले, संस्थेचे इंधन आले. दोघांत अंतर तीस-चाळीस किलोमीटरांहून अधिक नसावे, नाहीतर टँकरचे डिझेल सर्व नफा खाऊन जाईल.

परंतु ही सोयरीक जुळविण्यापूर्वी एक चौकशी अवश्य झाली पाहिजे, आणि ती आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. ग्लिसरीन तेलातून येते तसेच ते जनावरांच्या चरबीतूनही येते; युरोप-अमेरिकेत चरबीपासूनही जैव-डिझेल करण्याचा प्रघात आहे, आणि कणाची रचना दोन्हीकडे एकच असल्यामुळे पिंपाकडे पाहून काहीही ओळखता येत नाही. कत्तलखान्यातील चरबीचे ग्लिसरीन पांजरपोळीच्या टाकीत पडले, तर त्या संस्थेच्या नावास काय अर्थ उरला? म्हणून तेल कोणत्या दुकानांतून आले याची नोंदवही कारखान्यात ठेवलेली असावी व ती दाखविण्याचा करार व्हावा. हॉटेलांच्या मिश्र तेलाचा प्रश्न त्याहून बारीक आहे, कारण त्यात काय तळले गेले हे कोण सांगणार? आमच्या मते केवळ शाकाहारी फरसाण व मिठाईच्या दुकानांचे तेल वेगळे गोळा करून वेगळा घाणा काढणे हाच निर्वेध मार्ग. टाकीतील सूक्ष्म जीवांविषयी काही सद्गृहस्थ शंका काढतात. शेण उघड्यावर कुजले तरी तेथे जीवोत्पत्ती होतेच. तथापि या बाबतीत अंतिम शब्द आमच्यासारख्या व्यापाऱ्याचा नव्हे, मुनिमहाराजांस विचारून निर्णय करावा.

कारखाना काढणाऱ्यांसाठी शेवटी एक व्यवहाराची सूचना, जी हिशेबाच्या कोणत्याच कागदात आम्हांस दिसली नाही. विरजण म्हणून बहुतेक जण कॉस्टिक सोडा निवडतात, कारण तो स्वस्त आहे. त्याचा सोडियम ग्लिसरीनबरोबर टाकीत जातो व टाकीतून राड्याबरोबर शेतात. आपल्या उसाच्या पट्ट्यात खारवटलेल्या जमिनी पुष्कळ आहेत. तेथील शेतकरी एकदा असा राडा नेईल, पुन्हा नेणार नाही. त्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरले तर तोच क्षार पिकास पालाश म्हणून लागू पडतो. पोटॅशचा भाव अधिक आहे, व वजनानेही ते दीडपटीच्या आसपास लागते. परंतु रोज पाच टन राडा बाहेर पडणार आहे. तो घेऊन जाण्यास गाड्या दारात येतात की तो हलविण्यासाठी आपणांस गाड्या भाड्याने लावाव्या लागतात, या दोहोंतील फरक मांडून मगच सोड्याचा भाव स्वस्त म्हणावा.